माझी ठणठणीत पाठ आणि बावन्न किलोंची भाची

भाईंदर (पूर्व),
रविवार, १५ एप्रिल २००७

तीर्थरूप सुलूताईच्या चरणी धाकट्या आत्मारामाचा वाकून नमस्कार. (वाकून हे केवळ लिहिण्याची रीत म्हणून.)

तुझं पत्र आणि लग्नपत्रिकेचा नमुना दोन्ही पोचलं. तुझे गुडघे, तुझा रक्तदाब आणि अंगणातला आंबा कसा आहे ते कळव. पेणला उकाडा सुरू झाला असेल, उन्हातान्हात बाजारात जाऊ नकोस. इकडे आम्ही सगळे मजेत आहोत आणि माझी प्रकृती तर अशी ठणठणीत आहे की तिच्याबद्दल लिहायची गरजच नाही. फोन न करता पत्र का, असं तुला वाटेल. फोन हॉलमध्ये आहे आणि हॉलमध्ये मृणालिनी आहे. ती माझं बोलणं ऐकून तुझं काय असेल ते ओळखते आणि दोन्हींवर मत देते. निहारचा मोबाइल मागावा, तर 'बाबा, मान वाकडी करून बोलू नका' म्हणून तो आधी भाषण देतो. ही भाषणं मला आता नको झाली आहेत आणि त्यांच्याबद्दलच तुला सविस्तर लिहायचं आहे.

पण आधी लग्नाचं. निशिगंधाच्या लग्नाला तीनच आठवडे राहिले. पत्रिकेत भाऊजींच्या नावामागे कै. छापलेलं पाहिलं आणि पत्रिका पालथी घालून ठेवली, चहा होईपर्यंत परत उलटली नाही. चार वर्षांपूर्वी त्यांना पोचवून आलो त्या दिवशी तुझ्या ओटीवर बसून मी म्हणालो होतो की पोरीला मांडवात मी आणीन, आपल्या घरच्या रीतीप्रमाणे, दोन्ही हातांवर उचलून. मामाची जागा तर माझीच आहे, बापाचीही मीच भरीन. तू नुसता माझा हात दाबलास. तो शब्द मी विसरलेलो नाही. आपल्या घरात नवरी मांडवात चालत जात नाही. तुझ्या लग्नात लवूमामांनी तुला उचललं तेव्हा मी मागे अक्षता धरून उभा होतो. राई गावच्या मिठागरात आदल्या दिवसापर्यंत मिठाच्या पाट्या वाहून आलेला माणूस तो. तुला बोहल्यावर ठेवलं आणि भटजींना म्हणाले, "पोर हलकी हाय. दुसरी असंल तर तीबी आणतो." याला म्हणायचं पाठ. (शेवटची दहा वर्षं ते जमिनीकडे बघत चालायचे हे खरं आहे, पण ती त्यांची नम्रता होती.)

आता इथली परिस्थिती ऐक. भाईंदरात सध्या पाठीची साथ आलेली आहे. पूर्वी माणसाला पाठ असायची आणि ती त्याच्या मागे असायची, तिच्याकडे बघायचं काही कारण नसायचं. आता ज्याला त्याला मणके आहेत आणि मणक्यांना नंबर आहेत. आमच्या जिन्यात लोक भेटले की 'जेवलात का' विचारत नाहीत, 'तुमचा कितवा' विचारतात. तिसऱ्या मजल्यावरचे गुणवंतभाई, त्यांचा मानेचा पाचवा. कापडाचं दुकान आहे. दिवसभर मोबाइल कान आणि खांद्याच्या मधे दाबून बोलायचं, कारण दोन्ही हात कापड मोजायला लागतात. सहा वर्षं असं केल्यावर मान मोबाइलच्या आकाराची झाली आणि गळ्यात पांढरा पट्टा आला. तो पट्टा घालून ते सोसायटीच्या मीटिंगला येतात आणि कोणत्याही ठरावाला मान डोलवायला नकार देतात. लग्नाच्या जेवणाला मात्र पट्टा काढून खिशात. तिथे ताटात डावीकडे काय, उजवीकडे काय, सगळीकडे मान वळते.

आमच्या घरातही साथ आहेच. निहार मालाडला कॉम्प्युटरपुढे बसतो. त्याने घरी एक खुर्ची आणली आहे. तिला तीन दांडे आहेत. एक ओढला की माणूस वर जातो, दुसरा ओढला की मागे जातो, तिसरा कशाचा ते निहारलाही माहीत नाही. मी एकदा तिच्यावर पेपर वाचायला बसलो, तर पेपर हातात राहिला आणि मी झोपलेला. मी तेहतीस वर्षं कचेरीत लाकडी खुर्चीवर काढली, एक पाय आखूड, खाली घडी घातलेला जुना फॉर्म. पाठ कधी दुखली नाही. (दुखली असेल तर मला कोणी सांगितलं नाही.)

मार्चमधल्या एका रविवारी सोसायटीने गच्चीवर व्याख्यान ठेवलं, विषय 'पाठ आणि मान कशी सांभाळावी'. मी सेक्रेटरी असल्यामुळे (दुसरं कोणी उभंच राहिलं नाही) व्यवस्था माझ्याकडे. बोलायला आली ती केली नावाची मुलगी. तुला एरिक आठवतो का? माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा, उत्तनजवळच्या तारोडीचा, डब्यात नेहमी सुके बोंबील. भला माणूस. त्याची ही मुलगी. लोकांच्या घरी जाऊन फिजिओथेरपी करते, म्हणजे दुखणाऱ्या माणसाला जे नकोसं वाटतं नेमकं तेच करायला लावते. तिने सांगाड्याचं एक चित्र लटकवलं आणि तासभर सांगितलं की माणूस आजवर जे जे करत आला ते सगळं चुकलं. बसतो ते चूक, झोपतो ते चूक, उशी जाड ती चूक, लोळून वाचतो ती तर घोडचूक. मागच्या खिशात पाकीट ठेवून बसायचं नाही. दर अर्ध्या तासाने उठून चार पावलं चालायचं. (आमच्या कचेरीत अर्ध्या तासाने उठून चालणाऱ्याला मेमो मिळायचा.) जड वस्तू उचलायची तर तिच्या अगदी जवळ जायचं, गुडघ्यांत वाकून खाली बसायचं, ती छातीशी धरायची आणि पायांच्या जोरावर उठायचं, कमरेत वाकायचं नाही आणि वजन हातात असताना वळायचं नाही. एका बादलीसाठी एवढे सोपस्कार. तुझ्या लग्नात सुद्धा एवढे नव्हते.

मग तिने पाण्याने भरलेला वीस लिटरचा कॅन मधे ठेवला आणि विचारलं, कोण उचलून दाखवतंय? सगळे एकमेकांच्या मणक्यांकडे बघू लागले. मी उठलो, गेलो, वाकलो आणि एका झटक्यात कॅन वर. टाळ्या पडल्या. (मृणालिनी सोडून.) केली म्हणाली, "काका, थांबा, असेच ऱ्हावा." मला वाटलं शाबासकी देतेय. ती लोकांकडे वळली. "सगळ्यांनी नीट बघून घ्या. हे असं उचलायचं न्हाय." आणि पुढची पाच मिनिटं मी कॅन धरून उभा, आणि ती पट्टीने माझ्या कमरेतली एकेक चूक दाखवतेय. तेहतीस वर्षांत साहेबानेसुद्धा मला असं चारचौघांत उभं केलं नव्हतं.

तेवढ्यात खाली टँकरचा हॉर्न वाजला. तुला आमच्याकडचं पाणी माहीतच आहे: एक दिवसाआड तासभर, कधी तेही नाही, आणि मग टँकर येतो तो गेटापाशी, तिथून वर चढवायचं ते ज्याचं त्याने. "पानी आया" एवढे दोन शब्द कोणीतरी उच्चारले आणि ताई, ती गच्ची अर्ध्या मिनिटात रिकामी झाली. ज्यांना जिना चढता येत नाही म्हणून मीटिंगला यायला जमत नाही, ते चार मजले उतरून टँकरच्या नळाशी पहिले. कमरपट्टे, मानेचे पट्टे, सगळे कळशी-बादल्या घेऊन रांगेत, आणि जो तो कमरेत वाकतोय, वळतोय, मानेवर फोन धरून घरच्यांना पिंप रिकामं करायला सांगतोय. तासाभराचं ज्ञान नळाखाली वाहून गेलं. वर गच्चीवर केली, तिचा सांगाडा आणि अजून कॅन धरलेला मी, असे तिघेच उरलो. मी तिला म्हटलं, बघितलंस? तिने ओढणी कमरेला खोचली, खाली गेली आणि चौथ्या मजल्यावरच्या विमलाबाईंच्या चार बादल्या गुडघ्यांत वाकून उचलून वर पोचवून आली. तिला दम लागला नाही, पण ते वयाचं असतं, पद्धतीचं नव्हे.

तर अशा या दुबळ्या लोकांत राहून मी माझी तयारी करत होतो. शिमग्याला तुम्ही दोघी बस्त्याच्या खरेदीला आलात, तेव्हा स्टेशनवरच्या वजनाच्या मशीनवर मी निशिगंधाला भविष्य बघू म्हणून उभं केलं, ते भविष्यासाठी नव्हतं. तिकीट आलं: बावन्न किलो, आणि मागे लिहिलेलं, आपण उदार मनाचे आहात. ते मी गुपचूप खिशात टाकलं. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी गादीची वळकटी दोन्ही हातांवर घेऊन हॉलमध्ये सात फेऱ्या. मृणालिनीने चार दिवस पाहिलं आणि म्हणाली, "ही रीत पडली तेव्हा नवरी आठ वर्षांची असायची." मी आठवी फेरी मारली. परंपरेच्या बाबतीत बायकांशी वजनाचा वाद घालू नये.

आणि आता निशिगंधाबद्दल जरा रागावून लिहितोय, वाईट वाटून घेऊ नकोस. तू लिहिलंस की तिने दीड महिना झाला भात सोडलाय, दुपारी काकडी आणि रात्री सूप. ताई, हे काय फॅड आहे? पेणसारख्या ठिकाणी, घरचं भाताचं शेत असताना, मुलीने भात सोडायचा? नवऱ्यामुलाने तिला भात खाणारी म्हणूनच पसंत केली ना? हल्लीच्या या मुलींना स्वतःच्या दिसण्यापलीकडे कशाचा म्हणून विचार नाही. फोटोत गाल आत दिसले की झालं. तिला स्पष्ट सांग की मामा चिडलाय, भात खा म्हणालाय. (एकदोन किलो कमी झाले असतील तर राहू देत, पण हे तिला सांगू नकोस.)

आता एक गंमत सांगतो. आमच्याच दुसऱ्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात. नाव लिहीत नाही, तू ओळखत नाहीस. नुकतेच रिटायर झालेले, स्वभावाने सरळ, बायको जरा बोलकी. गेल्या सोमवारी त्यांच्याकडे वर्षाच्या तांदळाचं पोतं आलं, पन्नास किलोंचं. हमालाने ते खाली जिन्याशी टेकवलं आणि वर पोचवतो म्हणाला. गृहस्थ म्हणाले, नको, तू जा. त्यांना ते पाठीवर न घेता दोन्ही हातांवर आडवं घेऊन चढायचं होतं. का, ते मी कसं सांगणार? शिवाय त्यांच्या मते पोत्यात दोन किलो कमी पडत होते (कशाच्या मानाने, तेही मला माहीत नाही), म्हणून त्यांनी वर चार नारळ ठेवले.

पहिल्या मजल्यापर्यंत काम उत्तम झालं असं गृहस्थांचं म्हणणं आहे. जिन्याच्या वळणावर ते पोत्यासकट वळले आणि कमरेत काहीतरी वाजलं. पाय पुढे जाईना, मागे येईना. पोतं खाली ठेवायचं तर वाकायला हवं, आणि वाकणं हा विषय संपलेला होता. तोंडाने हाक मारवेना. मग नारळ एकेक करून खाली जाऊ लागले. चार नारळ आणि वीस पायऱ्या, किती आवाज झाला असेल याची कल्पना कर. सगळी दारं उघडली. वरून गुणवंतभाई येत होते, गळ्यात पट्टा, त्यामुळे खाली बघता येत नाही, पायाने पायरी चाचपत. समोर पोतं लागलं तेव्हा थांबले. "अरे सेक्रेटरीसाब, ये क्या उठाया है?" (गुणवंतभाई सगळ्यांनाच सेक्रेटरीसाब म्हणतात.) आणि मग ताई, या माणसाने, ज्याला मी गेलं वर्षभर ढोंगी म्हणतोय, दोन पायऱ्या खाली येऊन, गुडघे वाकवून, पोतं छातीशी घेतलं, पाठ सरळ ठेवून पायांच्या जोरावर उठून दुसऱ्या मजल्यावर नेऊन ठेवलं. अगदी चित्रातल्यासारखं. विमलाबाईंनी टाळ्या वाजवल्या. गृहस्थांना कसं वाटलं असेल?

नंतर त्यांच्या मुलाने केलीला बोलावलं. तिने गृहस्थांना उताणं निजवलं, पाय एकेक करून उचलून बघितले आणि दोन दिवस आराम, मग घरातल्या घरात थोडं थोडं चालणं, असं सांगितलं. आज सहावा दिवस. चाललं तर चालतं, पडलं तर उत्तम, बसलं की कळ येते. गंमत अशी की त्यांनाही कुठल्याशा लग्नाला जायचंय. लोक आपल्या ताकदीचा विचार न करता शब्द देऊन बसतात, दुसरं काय. मला तर अशा माणसांची कीव येते.

असो. तू माझी काळजी मुळीच करू नकोस. आम्ही ४ मेला सकाळच्या एसटीने निघू. निशिगंधाला आशीर्वाद, व्याह्यांना नमस्कार सांग आणि कैरीचं लोणचं घातलंस तर आमच्या वाटणीचं ठेव. ६ मेला तुझा भाऊ मांडवाच्या दारात ताठ उभा असेल, एवढी खात्री बाळग.

तुझा धाकटा,
आत्माराम

ता. क. — अक्षर पेन्सिलीचं का आणि ओळी वर चढलेल्या का, असं विचारशील. शाईचं पेन उलटं धरलं की उतरत नाही. मी छताकडे तोंड करून लिहितोय आणि पाठीखाली फरशी आहे.

पुन्हा ता. क. — ते गृहस्थ मीच. तू पहिल्या नारळालाच ओळखलं असशील. ताई, तीन महिने मला काही उचलायचं नाही. मी केलीला लग्नाचं सांगितलं, आपली रीत सांगितली, भाऊजींचं सांगितलं. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काका, नवरीला पाय हायेत ना?" मी त्या मुलीवर रागावलो नाही. मला एकदम रडू आलं, आणि आडवा असल्यामुळे ते सगळं कानांत गेलं. माझं तुझ्याकडे एकच मागणं आहे, त्यासाठीच हे पत्र. रीत तू मोड. काळ बदलला, नवरी चालत येईल, मामाने नुसतं बरोबर यायचं, असं तू सगळ्यांना सांग. मी चिडलो पण मोठ्या बहिणीपुढे माझं काही चाललं नाही, असं म्हण. मी लग्नात दोन दिवस तुझ्यावर रुसून बसेन म्हणजे कोणाला शंका यायची नाही. मी शब्द पाळू शकलो नाही हे बाकी जगाला कळलं तरी चालेल, फक्त निशिगंधाला कळू देऊ नकोस.

ती. वन्संना मृणालिनीचा नमस्कार. पत्र पाकिटात घालायला माझ्याकडे आलं, तेव्हा वाचलं. (वाचू नकोस असं तीनदा सांगितलं म्हणून.) निशिगंधाला सगळं सोमवारीच कळलंय, शेवटचा नारळ थांबायच्या आत निहारने तिला फोन केला होता. आधी ती हसली. मग मला म्हणाली, मामी, मामाने वजनाचं तिकीट खिशात टाकताना मी पाहिलं होतं. तिचं डाएट फोटोसाठी नव्हतं हो. मामा ऐकायचा नाही, उचलणारच, मग निदान त्याच्या पाठीला जड होऊ नये म्हणून पोर दीड महिना भात सोडून बसली होती. सहा किलो उतरलेत. आता तिला पोटभर भात वाढा. कमी पडला तर इथे एक पोतं आहे, गुणवंतभाई उचलून देतील.

यांनी लिहिलंय तसंच तुम्ही करा. रीत तुम्हीच मोडलीत म्हणा आणि यांना दोन दिवस रुसू द्या, त्यांना ते छान जमतं. निशिगंधा म्हणाली, मी मामाचा दंड घट्ट धरून चालेन, त्याचा तोल जाऊ देणार नाही. लोकांना दिसेल की मामा भाचीला मांडवात आणतोय. कोण कोणाला धरून आहे, ते आपल्या तिघींत राहू द्या.